चौदाव्या दिवसापासून

आमच्या गावात, शेणव्यात, माणूस गेलं की तेरा दिवस घर हलतं असतं. शहापूर, किन्हवली, डोळखांब, पार मुरबाडकडून पाहुणे येतात. बाया अंगणातूनच हंबरडा फोडतात, गळ्यात पडतात, मग ओट्यावर बसून पाणी पितात आणि गेलेला माणूस आपल्याला शेवटचा कुठे भेटला होता ते सांगत बसतात. दहाव्याला नदीवर दशक्रिया होते, कावळा शिवेपर्यंत सगळ्यांचे डोळे पिंडाकडे लागलेले असतात. मग प्रवचन, उत्तरकार्य, दुखवट्याचे कपडे, बळेबळे भरवलेला गोडाचा घास. तेराव्याच्या संध्याकाळी मांडववाला येतो, खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आधण ठेवताना हात सवयीने एक कप जास्त पाणी घालतो.

हा लेख त्या सकाळपासून पुढच्या दिवसांसाठी आहे.

माझे वडील गेले तेव्हा मी तेरा दिवस रडले नाही. आईला सांभाळायचं होतं, पंगतीचं बघायचं होतं. त्यानंतर तीन महिने घशात लिंबाएवढं काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं. डॉक्टरांनी घसा तपासला, काही निघालं नाही. ओळखीतल्या एकीने मला शहरातल्या एका ‘ऊर्जा उपचार’ करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी पैसे आगाऊ घेतले, डोळे मिटून माझ्या अंगावरून हात फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही वडिलांना सोडत नाही, म्हणून ते अडकून पडलेत.’ त्या एका वाक्याने मला वर्षभर छळलं. ज्या बापाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याला मीच अडकवून ठेवलंय, या विचाराने मी रात्र रात्र जागले. म्हणून मी हे लिहितेय. तुमच्या दुःखाचा दोष तुमच्यावर टाकणारा माणूस, तो कितीही शांत आवाजात बोलत असला, तरी त्याच्या दारातून परत फिरा.

पण त्या बाईंकडे मी ज्या ओढीने गेले, ती ओढ खोटी नव्हती. दुःख शरीरात राहतं. आपली भाषा हे कधीपासून सांगतेय: आवंढा गिळला, ऊर भरून आला, पोटात खड्डा पडला, हातपाय गळाले, जीव थाऱ्यावर नाही. झोप उडते, भूक मरते, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. नुसतं ‘मन घट्ट कर’ म्हणून हे सुटत नाही. शरीरात साठलेलं शरीराच्या वाटेनेच मोकळं करावं लागतं, आणि त्या वाटा महागड्या नाहीत.

आधी एक धोक्याची गोष्ट सांगते. जपानी डॉक्टरांनी १९९० साली हृदयाच्या एका दुखण्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘टाकोत्सुबो’ नाव दिलं. तिकडे आठ पायांचा ऑक्टोपस पकडायला अरुंद तोंडाचं मडकं वापरतात, त्याला टाकोत्सुबो म्हणतात. मोठा धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा त्या मडक्यासारखा फुगतो आणि नीट आवळला जात नाही. हा त्रास जास्त करून पाळी गेलेल्या बायकांना होतो आणि लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची असतात. म्हणून मयताच्या घरात कुणाच्या छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला, तर ‘दुःखाने होतंय’ म्हणून कांदा हुंगवत बसू नका. १०८ ला फोन करा, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. श्वासाचे व्यायाम त्यानंतरचे.

आता श्वासाबद्दल. दुःखातलं माणूस बसल्या बसल्या मोठा उसासा टाकतं, तुम्ही पाहिलं असेल. घरातली मोठी माणसं लगेच टोकतात, ‘उसासे टाकू नकोस, बरं नसतं ते.’ मला वाटतं, हे टोकणं आपण बंद करावं. उसासा म्हणजे शरीराने स्वतःच शोधलेला प्राणायाम आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, घेताना वाढतात. सोडणं लांबवलं की शरीराला ‘आता धोका नाही’ असा निरोप जातो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं असे ठरवून उसासे टाकायला लावले. नाकाने श्वास घ्यायचा, तो भरत आला की वर आणखी एक छोटा श्वास ओढायचा, आणि मग तोंडाने सावकाश, शेवटपर्यंत सोडायचा. नुसतं ध्यानाला बसलेल्या लोकांपेक्षा या लोकांचं मन जास्त हलकं झालेलं दिसलं.

हे करताना भिंतीला पाठ टेकून बसा. एक हात पोटावर ठेवा. आणि पहिले काही आठवडे डोळे उघडे ठेवा. योगाच्या पुस्तकात डोळे मिटा असं असतं, पण ज्याने नुकतंच आपल्या माणसाला सरणावर पाहिलंय त्याने डोळे मिटले की तेच समोर येतं. समोरच्या तुळशीकडे बघा, दारातल्या कोंबड्यांकडे बघा. पाच मिनिटं पुरे. मध्येच रडू आलं तर व्यायाम सोडून रडा.

शवासनाचंही तसंच. एका ताईंना मी हौसेने ‘शवासनात झोपा’ म्हटलं आणि त्या ताडकन उठून बसल्या. मला तेव्हा कळलं की मी काय बोलले. ज्या घरात आठ दिवसांपूर्वी माणसाला तसं उताणं ठेवलं होतं, तिथे हा शब्दही नको आणि ती अवस्थाही नको. डाव्या कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. मग पायाच्या बोटांपासून वर एकेका अवयवाकडे लक्ष न्या. जिथे आवळलेलं वाटेल, घसा, छाती, जबडा, तिथे थांबा. तिथलं दुःख बाहेर हाकलायचा प्रयत्न करू नका. नुसतं म्हणा, हो, इथे दुखतंय. माझा घसा अशा रात्रींनी सुटला, कुणी हवेत हात फिरवल्याने नाही.

कपालभाती आणि भस्त्रिका मात्र या दिवसांत टाळाच, आणि ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, हर्निया आहे किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी तर नक्कीच. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात, डोकं गरगरतं. शिबिरांमध्ये याच मुंग्यांना ‘ऊर्जा वाहायला लागली’ म्हणतात. घाबरायचं नाही, श्वास सावकाश करायचा, मुंग्या जातात.

‘ऊर्जा’ या शब्दाबद्दल माझं मत सरळ सांगते. रेकी जपानच्या मिकाओ उसुईंनी १९२२ मध्ये सुरू केली. आज ठाणे, कल्याणपर्यंत तिचे वर्ग चालतात. प्राणिक हीलिंग आहे, बोटांनी चेहऱ्यावर-छातीवर टिचक्या मारायचं टॅपिंग आहे. यातले पुष्कळ लोक मनाने चांगले असतात. पण अंगाभोवतीची ऊर्जा हाताला जाणवते हा दावा तपासाला टिकलेला नाही. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रयोगासाठी असे उपचार करणाऱ्या २१ जणांना पडद्याआड हात ठेवायला सांगितले आणि विचारलं, माझा हात तुमच्या कुठल्या हाताजवळ आहे? २८० वेळांपैकी ४४ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. छापा-काटा केला असता तर याहून जास्त आलं असतं. १९९८ मध्ये तिचा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. तरीही तिथे जाऊन आलेल्या माणसाला बरं वाटतं, ते खोटं नसतं. शांत खोली, अर्धा तास आपल्याकडेच लक्ष देणारं कुणीतरी आणि उबदार हात, हे दुःखी माणसाला मिळतं कुठे? ते जर घरच्या माणसांनी दिलं तर? जायचंच असेल तर जा, पण कुणी गोळ्या बंद करायला सांगत असेल, आगाऊ मोठी रक्कम मागत असेल, किंवा मृतात्म्याचं भय घालत असेल, तर उठून या. भय घालून लुबाडणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

घरच्या हाताबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण दुःखातल्या माणसाची सर्वांत मोठी भूक स्पर्शाची असते. वडील गेल्यावर मला उशिरा लक्षात आलं की आईला आता कुणी हातच लावत नाही. तेरा दिवस सगळ्या गळ्यात पडल्या, आणि नंतर कुणीच नाही. चाळीस वर्षं शेजारी झोपलेलं माणूस गेलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवणारं कुणी उरलं नाही. एका संध्याकाळी मी माळ्यावरून काशाची वाटी काढली. तिच्या तळपायाला तूप लावलं आणि वाटी फिरवायला लागले. भेगांमध्ये वाटी अडखळत होती. पहिल्या दिवशी ती ‘नको गं, राहू दे’ म्हणाली आणि पाय आखडून घेतला. दुसऱ्या दिवशी पाय तिनेच पुढे केला. तूप काळं पडत गेलं तशी ती बोलायला लागली, वडिलांच्या आजारपणाबद्दल, मग त्याआधीच्या भांडणाबद्दल, मग लग्नात त्यांनी घातलेल्या टोपीबद्दल. वाटीने अंगातली उष्णता निघते म्हणतात. मला एवढंच दिसलं की तिला झोप लागली. प्रत्येक पायाला दहा-दहा मिनिटं, वाटीवर फार जोर न देता, झोपायच्या आधी. पायाला जखम असेल तर नको. मधुमेह असेल तर आधी तळवे नीट तपासा, पायाला बधिरपणा असेल तर वाटी नकोच. डोक्याला तेल लावणं, केस विंचरून देणं, हेही तेवढंच चांगलं.

आणि याच स्पर्शाने आपण विधवेचं काय करतो? तिचं कुंकू पुसतो, बांगड्या फोडतो, जोडवी ओढून काढतो, तेही ती उभी राहू शकत नाही अशा घटकेला. ज्या हातांनी तिला सावरायला हवं, तेच हात तिच्या मनगटावर काच फोडतात. हा दुःखावर केलेला घाव आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव करून या सगळ्या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. आपल्या ग्रामसभेत हा विषय निघाला नसेल तर तुम्ही काढा. ठराव व्हायची वाट बघायचीही गरज नाही. घरातल्या एका मोठ्या बाईने मध्ये उभं राहून ‘बांगड्या राहू द्या’ म्हटलं तरी पुरतं.

आता आवाजाची वाट. दिवेलागणीची वेळ फार वाईट असते, हे ज्याच्या घरात झालंय त्याला सांगावं लागत नाही. गुरं परत येतात, माणूस येत नाही. त्या वेळेला भ्रामरी करा. तोंड मिटून, नाकाने श्वास सोडताना भुंग्यासारखा हळू गुणगुणाट. कान झाकायचे नसतील तर झाकू नका. कंप ओठांत, गालांत, छातीत जाणवतो. घशात गोळा आलेला असेल तर तिथेही. पाच-सात वेळा केलं की पुरे. श्वास लांब सोडायचं मुद्दाम लक्षात ठेवावं लागत नाही, आवाजच ते करून घेतो. हरिपाठ म्हणणाऱ्या घरात वेगळं काही करायचीही गरज नाही.

आपल्या आज्यांना हे माहीत होतं. जात्याचा खुंटा धरून अंग पुढे-मागे झुलवायचं, त्या लयीत ओवी म्हणायची आणि मेलेल्या लेकराचं, दूर राहिलेल्या माहेराचं, गेलेल्या आईचं दुःख पहाटेच्या अंधारात दगडाला सांगायचं. दोन्ही हात गुंतलेले, श्वास तालात, आवाज मोकळा आणि ऐकणारी समोर बसलेली एकच बाई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरण आली, जातं कोपऱ्यात गेलं, त्याबरोबर बायकांची रडायची जागाही गेली. जातं परत आणा असं मी म्हणत नाही. पण हात गुंतवणारं, एका लयीचं काम दुःखाला आधार देतं, हे विसरू नका. तांदूळ पाखडणं, शेंगा सोलणं, आवणीच्या दिवसांत बायकांच्या ओळीत वाकून रोप लावणं. शेजारणीला बोलवा, दोघी मिळून करा. कामात असताना ती जे बोलेल ते समोरासमोर बसवून विचारलं तर बोलणार नाही.

पुरुषांसाठी एक परिच्छेद वेगळा. आमच्याकडचे पुरुष स्मशानात रडत नाहीत, घरात रडत नाहीत, आणि मग संध्याकाळी बाटलीजवळ बसतात. दारूने झोप येते असं वाटतं, पण पहाटे तीनला जाग येते ती आणखी काळी असते. माझा दादा मोटारसायकल घेऊन शेताकडे जायचा आणि हेल्मेट डोक्यात तसंच ठेवून रडायचा, हे त्याने मला चार वर्षांनी सांगितलं. बांधावरून अर्धा तास चाला. पावलांच्या तालावर श्वास घ्या, तीन पावलं आत, चार-पाच पावलं बाहेर. पावसाळ्यात अनवाणी जाऊ नका, पायात बूट आणि हातात बॅटरी हवी. आपल्या भागात साप आहेत. एखाद्या मित्राला बरोबर घ्या. बोललंच पाहिजे असं नाही.

वस्तूंचं काय करायचं, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. लोक घाईने कपडे वाटून टाकायला सांगतात. वडिलांनी म्हसा गावच्या जत्रेत घेतलेली एक घोंगडी माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी मला तिचा वास सहन व्हायचा नाही, तरी टाकवतही नव्हती. मग मी ठरवलं, रविवारी दुपारी पंधरा मिनिटं ती अंगावर घेऊन बसायचं, त्यांना आठवायचं, रडायचं, आणि मग घडी घालून पेटीत ठेवायची. पेटीचं झाकण लागलं की उठायचं आणि भाकऱ्या थापायच्या. पुढे मला वाचायला मिळालं की नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलंय: सावरणारं माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यामध्ये ये-जा करत असतं, आणि ती ये-जा हवीच असते. दुःखाच्या पाच पायऱ्या वगैरे जे सांगतात त्याच्या नादी लागू नका. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. आज राग, उद्या रडू, परवा हसू, पुन्हा राग, असंच चालतं. हसलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का, असं आपल्या भागातले लोक हमखास विचारतात, कारण आसनगावहून लोकलने कसारा आणि पुढे घाट चढला की इगतपुरीच. विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि तिथल्या धम्मगिरी केंद्राचं काम १९७६ मध्ये सुरू झालं. दहा दिवसांचं शिबिर असतं, फी नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांनी इच्छेने दान द्यायचं. साधना चांगली आहे, मी स्वतः केलीय. पण पहाटे चारला उठून दिवसाला दहा तास बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, फोन जमा, बाकीच्या सगळ्या साधना त्या काळात बंद. ताज्या दुःखात हे फार कडक औषध आहे. माझं सांगणं, वर्षश्राद्ध होऊ द्या, मग जा. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात लपवू नका, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि या कशानेही जमत नसेल तर? जागतिक आरोग्य संघटनेने आता आजारांच्या यादीत ‘लांबलेलं दुःख’ वेगळं नोंदवलंय: सहा महिने उलटले तरी माणूस रोजचं काहीच करू शकत नाही, आठवणीची ओढ एक क्षण सोडत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही. यावर उपचार आहेत. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत मिळते. कुणी ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ म्हणालं तर ते सहा महिने थांबायचं काम नाही. त्याच घटकेला त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, शेतीची औषधं कुलपात ठेवा, आणि फोन तुम्ही लावून त्याच्या हातात द्या.

तुमच्या गल्लीत सध्या कुणाचा तेरावा झाला असेल तर तारीख लिहून ठेवा. चौदाव्या दिवशी दिवेलागणीला त्यांच्या ओट्यावर जा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, दुःखातलं माणूस कधीच सांगत नाही. पदराआड काशाची वाटी आणि वाटीभर तूप घेऊन जा, किंवा नुसती निवडायची भाजी घेऊन बसा. मी आजही दर गुरुवारी आईकडे मुरबाडला जाते. एस.टी. उशिरा पोचली की ती पाय धुऊन, दारातच खाटेवर बसलेली असते.